पुण्यात डिसेंबरमध्ये सणासारखं काय करता येईल?

आई-बाबांना घेऊन डिसेंबरमध्ये पुण्याला येताय, तर शक्यतो सवाई गंधर्व महोत्सवाच्या तारखा बघूनच तिकिटं काढा. पंडित भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव म्हणजे माझ्यासाठी पुण्याची दुसरी दिवाळीच. हल्ली तो मुकुंदनगरला भरतो. खुर्च्या महाग वाटल्या तर भारतीय बैठकीचं तिकीट घ्या. एक सतरंजी आणि शाल सोबत हवीच, कारण संध्याकाळनंतर थंडी चांगलीच झोंबते. मध्यंतरात बाहेर येऊन गरम चहा घेताना अनोळखी माणसंही नुकत्याच ऐकलेल्या रागाबद्दल बोलू लागतात. ते अनुभवाच!

नाताळच्या आसपास येणार असाल तर संध्याकाळी कॅम्पात एमजी रोड, ईस्ट स्ट्रीट पायी फिरा, गाडी लांब लावा. कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं मात्र सकाळीच घ्या. नाना पेठेतलं सिटी चर्चही बघा, त्याची जागा पेशव्यांनी दिलेली आहे.

दत्तजयंती बहुतेकदा याच महिन्यात येते, तेव्हा बुधवार पेठेतल्या दगडूशेठ दत्तमंदिरात जाऊन या. आणि महिनाअखेरीस शेतावर कोवळा हुरडा मिळाला तर सोडू नका.