जपानचे श्रोते थंड आणि अर्जेंटिनाचे वेडे, असं का?

थंड नव्हेत, रीत वेगळी. जपानमध्ये गाणं चालू असताना बोललं की शेजाऱ्याचं ऐकणं बिघडतं, म्हणून टाळ्या शेवटचा सूर विरल्यावर. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्वेनोस आयर्सच्या रॉक कार्यक्रमांत लोक गिटारची धूनसुद्धा तोंडाने गातात. खान्देशात दोन्ही आहे: अहिराणी गाण्यावर अख्खं मैदान नाचतं, पण जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात दाद समेवर द्यावी, म्हणजे तीनतालात १६ मात्रांचं आवर्तन पूर्ण होऊन येणाऱ्या पहिल्या मात्रेवर. तान, म्हणजे सुरांची वेगवान लड, अर्ध्यावर असताना टाळ्या अजिबात नकोत. मैदानात मागे बसून टाळ्यांचा ठेकाही धरू नये. ३४ मीटरवर आवाज साधारण ०.१ सेकंद उशिरा पोचतो, मग गायकाला तुमचा ठेका मागे पडलेलाच ऐकू येतो.