इनटेक पोर्ट (इंजिनात हवा आत जाण्याची वाट) आरशासारखा पॉलिश केला तर मायलेज वाढतं का?

नाही, पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल याच पोर्टमध्ये फवारणाऱ्या इंजिनात सहसा वाढत नाही. पोर्ट कोरून मोठा केलात तर घटूही शकतं. हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात हे पोर्ट असतात) उतरवण्याचं काम रोजचं, म्हणून सांगतो. मोठ्या पोर्टमध्ये कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, सिलिंडरमधली घुसळण मंदावते आणि ज्योत हळू पसरते. पेट्रोलच्या वजनाच्या 14.7 पट हवा मोजून दिली, तरी नीट मिसळली नाही तर जळण अर्धवटच. गॅस्केटपाशी (सांध्यातल्या पट्टीपाशी) बोटाला लागणारी पायरी तेवढी घासून काढा, चकाकीचा सोस एक्झॉस्ट पोर्टवर (जळलेला वायू बाहेर जाण्याच्या वाटेवर) भागवा. शिवाय थंड इंजिनात पेट्रोल पोर्टच्या भिंतीला चिकटतं आणि हवेत नीट मिसळत नाही, ते वेगळंच. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये फवारा थेट सिलिंडरमध्ये जातो, तिथे हा भिंतीचा प्रश्न नाही. घुसळणीचा मात्र राहतोच.