फ्लॉरेन्सला दोन दिवस पुरतात, फक्त त्यातला एक सोमवार नको

प्रश्न: आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. बायकोला फ्लॉरेन्सला न्यायचं आहे. दोन दिवस पुरतील का? उफ्फिझीची तिकिटं आधी काढावीत का? आणखी काय चुकवू नये?

उत्तर:

"बायकोला न्यायचं आहे" एवढं वाचूनच मी लिहायला बसले. न्यायचं म्हणजे काय हो? ती काय बॅग आहे? आमच्या पंचविसाव्याला मलाही असंच "नेलं" होतं. तो हिशेब अजून मिटलेला नाही, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

दोन दिवस पुरतात. जुनं शहर एवढंसं आहे, स्टेशनपासून निघालात तर रमतगमत अर्ध्या तासात नदीपलीकडे पोचता. फक्त त्या दोन दिवसांत सोमवार येऊ देऊ नका. उफ्फिझी, म्हणजे तिथलं मोठं चित्रसंग्रहालय, सोमवारी बंद असते आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा ज्या अकादेमियात उभा आहे तीही सोमवारी बंद असते. हे कुठल्याही गाईडबुकात सुरुवातीलाच दिलेलं असतं. आमच्या ह्यांनी सुरुवात सोडून बाकी सगळं पुस्तक पाठ केलं होतं.

माझं माहेर कोल्हापूर, सासर पुणे. हे इंजिनिअर, त्यामुळे सहलीचा तक्ता एक्सेलमध्ये, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडून. बाप्तिस्त्रीचे सोनेरी दरवाजे, पंधरा मिनिटं. जुना पूल, पंधरा मिनिटं. जेवण पस्तीस मिनिटं, "पास्ता लवकर येतो" अशी टीप खाली. माझी एकच मागणी होती. ती अगदी शेवटच्या ओळीत होती आणि तिच्यासमोर वेळेच्या जागी लिहिलं होतं, "उरल्यास".

मागणी अशी की मला आमच्या महाराजांची छत्री, म्हणजे त्यांचं स्मारक, बघायची होती.

कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. छत्रपती राजाराम महाराज. ताराराणींचे यजमान राजाराम ते वेगळे, आणि शाहू महाराजांचे चिरंजीव, १९४० साली वारले ते राजाराम आणखी वेगळे. पुण्यात हा घोळ हमखास होतो, आमच्या घरात पंचवीस वर्षं झाला. मी म्हणते ते शाहू महाराजांच्या आधीचे. १८६६ साली गादीवर आले आणि १८७० साली इंग्लंड बघायला निघाले, तेव्हा वय वर्षं वीस. समुद्र ओलांडणं हा धर्म बुडवायचा धंदा समजत, तो काळ. राणी व्हिक्टोरियाला भेटले, सगळं बघितलं, रोजची डायरी लिहिली, तीही इंग्रजीत. ती पुढे १८७२ साली लंडनमध्ये छापून निघाली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच गेले. तिथली रीत पुरण्याची. दहन करायचं म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नाही, त्यासाठी सरकारकडून खास परवानगी काढावी लागली. आर्नो नदीला मुन्योने जिथे मिळते त्या संगमावर अग्नी दिला आणि त्याच जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली.

आमचे आप्पा शाळामास्तर. आम्हाला प्रयाग चिखलीच्या संगमावर न्यायचे, आणि तिथे बसलं की ही गोष्ट निघायचीच. शेवटी म्हणायचे, "आपला एक राजा तिकडं नदीकाठी एकटाच बसलाय गं." आप्पांनी आयुष्यात पासपोर्ट काढला नाही. आता ते नाहीत.

तर "उरल्यास".

ह्यांचं म्हणणं, "इतके पैसे घालून मायकेलअँजेलोच्या गावात जायचं आणि छत्र्या बघायच्या? त्या पंचगंगेच्या घाटावर आहेत की." हे वाक्य त्यांनी माझ्या माहेरी, माझ्या भावांसमोर म्हटलं होतं. विसरलेली नाही.

रविवारी दुपारी आम्ही पोचलो. सोमवारी लग्नाचा वाढदिवस. सकाळी सव्वानवाला अकादेमियाच्या दारात. रस्त्यावर चिटपाखरू नाही. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, लवकर निघालं की रांग नसते." मी बंद दाराकडे बघतेय, दारावरच्या पाटीकडे बघतेय. इटालियन मला येत नाही, पण बंद हा शब्द कुठल्याही भाषेत दिसतोच. हे आणखी मिनिटभर घड्याळ बघत उभे होते, दार उघडेल म्हणून.

मग म्हणाले, ठीक आहे, घुमटावर चढू. कॅथेड्रलवरचा, ब्रुनेलेस्कीने बांधलेला घुमट, १४२० ते १४३६, खाली लाकडी सांगाड्याचा आधार न देता विटा रचत नेलेला. ह्यांच्या कॉलेजात शिकवलेला, त्यामुळे त्यावर त्यांचं पंधरा मिनिटांचं भाषण तयार होतं. तर घुमटावर जायला दिवस आणि वेळ धरून तिकीट काढावं लागतं, आणि त्या दिवसाची सगळी गेलेली. भाषण मला खालीच ऐकावं लागलं. ४६३ पायऱ्या वाचल्या म्हणून माझ्या गुडघ्यांनी मात्र वाढदिवस साजरा केला.

साडेदहा वाजले. तक्ता संपला. हे कॅथेड्रलच्या पायरीवर फोन घेऊन बसले, तोंड असं की ताटातला बटाटेवडा कुणीतरी उचलून नेलाय. मी म्हटलं, "आता उरलाय का वेळ?"

स्टेशनजवळून टी-१ ट्राम मिळते. कास्चिने नावाच्या थांब्यावर उतरायचं. कास्चिने ही नदीकाठची लांबच लांब बाग आहे. छत्री तिच्या पार पश्चिमेच्या टोकाला आहे, म्हणजे थांब्यापासून अडीच-तीन किलोमीटर. नदी डाव्या हाताला ठेवायची आणि चालत सुटायचं. चुकायला जागाच नाही. तिथे कुणाला विचारलंत तर "इंदियानो", म्हणजे भारतीय, एवढंच म्हणा, त्या बाजूला सगळं त्याच नावाचं आहे. १९७८ मध्ये बांधून झालेला, तारांवर तोललेला मोठा पूल आहे, तोही "इंदियानोचा पूल". आपल्या राजाच्या नावाने तिकडे रोज गाड्या धावतात, नाव कुणाचं हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. आम्हाला वाटेत पळणारी माणसं भेटली, सायकली भेटल्या, कुत्री भेटली. पर्यटक एकही नाही. मी साडी नेसले होते, खाली स्पोर्ट्स शूज. एक आजी थांबून पदराकडे बघून काहीतरी छानसं बोलल्या. काय ते कळलं नाही.

पोचलो आणि पहिल्यांदा मला हसूच आलं. मुन्योने म्हणजे आमच्या जयंती नाल्याएवढी. एवढीशी नदी येऊन आर्नोला मिळते आणि त्याला संगम म्हणायचं. पण ज्यांनी परमुलखात, तेही एका रात्रीत, नदीकाठी जागा शोधली असेल त्यांना संगमच हवा होता आणि त्यांनी तो हुडकून काढला. हे डोक्यात आलं आणि हसू गेलं.

छत्री अगदी आपल्याकडची. खांब, वर घुमटी, आणि चारी बाजूंनी इटलीची झाडं. तिचा आराखडा मेजर मांटचा, म्हणजे ज्याने पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस बांधला तोच. अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. आणि तो रंगीत आहे! आदल्या दुपारपासून पांढरे संगमरवरी देव आणि वीर बघून डोळ्यांना सवय झालेली, आणि इथे डोक्याला पगडी, अंगावर दागिने, चेहऱ्याला आपल्या माणसाचा रंग. मिशी आत्ताच फुटल्यासारखी. फोटोत हे कळत नाही, फोटोत मोठे राजेच दिसतात. समोर उभं राहिलं की कळतं, पोरगा आहे हा. कॉलेजातला.

मी चपला काढतात तसे बूट काढले. हे खाली कोरलेला इंग्रजी मजकूर वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "एकविसावं वर्ष?" मी म्हटलं, "हो." आमचा धाकटा तेव्हा एकवीसचाच होता. मग पाच मिनिटं हे काही बोलले नाहीत, आणि ह्यांच्यासाठी पाच मिनिटं म्हणजे तक्त्यातल्या रकान्याचा तिसरा हिस्सा.

कठड्यावर बसून आम्ही डब्यातलं भडंग खाल्लं. माझा पंचविसावा असा झाला, वर पुलावरच्या गाड्यांचा आवाज, खाली नाल्याएवढी नदी. इतका चांगला वाढदिवस मला आठवत नाही.

आणि आता खरं दुखणं. मी हात पुसून फोन काढेपर्यंत ह्यांनी दोन्ही घरांच्या ग्रुपवर फोटो टाकलेला. खाली ओळ, "आज हिला मुद्दाम करवीरच्या महाराजांच्या दर्शनाला घेऊन आलो." मुद्दाम! माझ्या भावांनी लिहिलं, वा भावजी, मन जिंकलंत. माहेरच्यांना पन्नास वेळा सांगून झालं की हे "उरल्यास"मध्ये होतं, अकादेमिया उघडी असती तर आम्ही छत्रीकडे गेलोच नसतो. कुणी ऐकत नाही. कोल्हापुरात आज ह्यांची किंमत माझ्यापेक्षा जास्त आहे. त्या तक्त्याची प्रत मी जपून ठेवली आहे.

बरं, तुमची उफ्फिझी. तिकीट आधी काढा, अधिकृत संकेतस्थळावरूनच, वेळ ठरवून. मंगळवारी आम्ही न काढता गेलो आणि दोन तास रांगेत उभे राहिलो. आत गेलो तेव्हा माझे पाय संपले होते, आणि अजून मजले बाकी. बोत्तिचेल्लीची व्हीनस मला दिसली ती चाळीस फोनांच्या पडद्यांवर. स्पष्टच सांगते, चित्रांची आवड नसेल तर "जातोय तर बघून घेऊ" म्हणून उफ्फिझीत शिरू नका. तीन-चार तास जातात आणि बाहेर आल्यावर लक्षात राहते ती रांग. डेव्हिड मात्र बघा. हे मी न बघता सांगतेय. मंगळवारची अकादेमियाची तिकिटं आधीच संपली होती, तेव्हा मी पाहिला तो चौकातला नकली, १९१० मध्ये बसवलेला. खरा पाच मीटरच्या वर उंच आहे. नकलीही तेवढाच, पण ह्यांनी त्याच्यासमोर फोटो काढून "डेव्हिड" म्हणून ग्रुपवर टाकला, तेव्हा मी तिथल्या तिथे खाली लिहिलं, "हा खोटा आहे." तेवढंच माझं समाधान.

जुन्या पुलावर बायकोला नेलंत, माफ करा, बायकोबरोबर गेलात, तर तिथे सगळी सोनारांची दुकानं आहेत. पूर्वी खाटीक बसत, १५९३ मध्ये तिथल्या ड्यूकने वासामुळे त्यांना उठवलं आणि सोनार बसवले. १९४४ मध्ये जर्मनांनी माघार घेताना शहरातले बाकीचे पूल उडवले, हा तेवढा राहिला. तिथलं सोनं बहुतेक अठरा कॅरेटचं, आणि घडणावळ ऐकलीत तर आमच्या कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, सोनार देवमाणूस वाटेल. मी गुजरीत वाढलेली, मी काही घेतलं नाही. पण तुमच्या बायकोला घ्यायचं असेल तर तिथे उभं राहून कॅरेट काढत बसू नका. आमच्या ह्यांनी काढले.

जेवणाचं फार सांगत नाही. तिकडचा पाव बिनमिठाचा असतो, मुद्दाम तसाच करतात, हॉटेलवाल्याशी भांडू नका. आम्ही त्यावर ऑलिव्हचं तेल आणि बरोबर नेलेली कांदा-लसूण चटणी लावली. हे शाकाहारी, त्यांचं पाव आणि टोमॅटोच्या घट्ट सूपवर भागलं. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो लावतात, ते बसण्याचे. फसवणूक नाही.

राहिलेलं एका दमात. ट्रामचं तिकीट चढल्यावर यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर दंड. गाडी भाड्याने घेऊन जुन्या शहरात शिरू नका, कॅमेरे टिपतात आणि पावती घरी येते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, त्या दिवशी तर अजिबात नको. चर्चमध्ये खांदे झाकलेले लागतात. मंगळवारी सकाळी त्याच कास्चिने बागेत मोठा बाजार भरतो, छत्रीच्या वाटेवर बायकोला तिथे थांबायचं असेल तर थांबू द्या. आणि चालायला त्रास होत असेल तर छत्रीपर्यंतचं अंतर विचारात घ्या, जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटर होतं, सावली आहे पण रिक्षा नाही.

हे आत्ता मागे उभे राहून वाचतायत. म्हणतात, ट्रामची तिकिटं कुणी काढली होती ते पण लिही. ह्यांनी काढली होती. छापून घ्यायला विसरले होते.