अमेरिकेतला १६ महिन्यांचा ॲक्सिलरेटेड नर्सिंग कोर्स झेपतो का? आतून तो कसा असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिली पदवी वेगळ्याच विषयातली, वय ३४, मुलगी पहिलीत, नवऱ्याची नोकरी अमेरिकेत आणि कामानिमित्त त्याचा प्रवास बराच. अशा वेळी ॲक्सिलरेटेड बीएसएन (आधी एक पदवी असलेल्यांसाठी कमी वेळात होणारी नर्सिंगची पदवी) घ्यावं की नर्सिंगचीच दोन वर्षांची असोसिएट डिग्री (पदवीच्या एक पायरी खालची)?

मी ॲक्सिलरेटेड केलंय. त्याआधी कॉमर्स आणि आठ वर्षं ऑडिटची नोकरी. आता मेड-सर्ज वॉर्डात, म्हणजे सर्वसाधारण आजारांच्या आणि ऑपरेशनच्या पेशंटच्या वॉर्डात, रात्रपाळी करते. म्हणजे तुमच्यापेक्षा मी विज्ञानापासून लांबच होते म्हणा.

आधी हिशेब नीट मांडू. या कोर्समध्ये नर्सिंग कमी शिकवत नाहीत. पहिली पदवी असल्यामुळे इंग्रजी, इतिहास वगैरे सर्वसाधारण विषय परत करावे लागत नाहीत, उन्हाळ्याची सुट्टी मिळत नाही, आणि उरलेलं सगळं नर्सिंग ११ ते १८ महिन्यांत बसवलेलं असतं. हा प्रकार नवा नाही, सेंट लुइस युनिव्हर्सिटीने १९७१ मध्येच सुरू केला होता. पण जाहिरातीतले १६ महिने सुरू होतात ते प्रीरिक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी पुरे करायचे विषय, संपल्यावर! ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन, डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी. यातलं स्टॅटिस्टिक्स सोडलं तर माझ्याकडे काहीच नव्हतं. कम्युनिटी कॉलेजात त्यात दीड वर्ष गेलं. तुम्ही विज्ञान शिकला असाल तरी विचारून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी फार जुनी सायन्स क्रेडिट्स चालत नाहीत. शिवाय भारतातल्या पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं ते वेगळंच.

आता "झेपतं का" याबद्दल. अभ्यास अवघड नाही. खरंच नाही. सीए करणारी मैत्रीण जे वाचायची त्याच्यापुढे आमचं फार्माकॉलॉजी बरं म्हणायचं. अवघड हे आहे की वाचलेलं मुरायला वेळच मिळत नाही. सोमवारी वर्गात जे ऐकलं ते गुरुवारी सकाळी सात वाजता माणसाच्या अंगावर करायचं असतं. आणि तो माणूस खरा, घाबरलेला, कधी वैतागलेला असतो.

माझा क्लिनिकलचा, म्हणजे हॉस्पिटलात खऱ्या पेशंटबरोबर शिकण्याचा, दुसरा दिवस. हार्ट फेल्युअर झालेले एक आजोबा. हाताने ब्लड प्रेशर घ्यायचं होतं, मशीन वापरायची परवानगी नव्हती. कफ गुंडाळला, हवा भरली, स्टेथोस्कोपमधून काहीच ऐकू येईना. परत भरली. परत काही नाही. तिसऱ्यांदा कफच निसटला. आजोबा म्हणाले, "पोरी, तू मोजलंस की मग मी तुझं मोजतो, मला वाटतं तुझंच जास्त निघेल." मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आधीच्या ऑफिसात माझ्या हाताखाली चार माणसं होती. इथे मला रबरी पट्टी गुंडाळता येत नव्हती. आमच्या बॅचमध्ये एक शाळामास्तर होता, एक वकील बाई होत्या, दोघेतिघे आयटीतले. सगळ्यांचं हेच झालं. आपापल्या कामात मुरलेली माणसं एकदम बिनकामाची होतात, आणि ते पचवायलाही आठवडाभराची सवड नसते. अठरा वर्षांच्या मुलांना हा त्रास कमी होतो, त्यांना कुठे अजून काही येत असतं?

त्याच आजोबांचा इनटेक-आउटपुट चार्ट मात्र मला दिला, तेव्हा जरा जिवात जीव आला. म्हटलं, हे तर आपलं काम. किती द्रव आत गेला, किती बाहेर आला, शिल्लक किती. सकाळचा ज्यूस, सूप, पाणी, सलाइन, बर्फाचे तुकडे, सगळं मिलिलिटरमध्ये लिहून बेरीज केली. इन्स्ट्रक्टरने बघितलं आणि विचारलं, "बर्फ वितळला की किती उरतो?" बर्फाचे तुकडे निम्मे धरायचे असतात, पेला २४० मिलिलिटरचा असला तरी पाणी १२०. माझा ताळेबंद पहिल्याच खेपेला चुकला! (पुढे लहान मुलांच्या वॉर्डात ओला डायपर तोलायला शिकवतात, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. ऑडिटमध्ये इतकं सुटसुटीत काही नव्हतं.) मग तिने आजोबांचं कालचं आणि आजचं वजन शेजारी ठेवून दाखवलं. एका रात्रीत एक किलो वाढलं म्हणजे अंदाजे एक लिटर पाणी अंगात साठलंय. पायाची सूज, धाप, फ्युरोसेमाइडचा (लघवीवाटे पाणी काढणाऱ्या औषधाचा) डोस, त्याने कमी होणारं पोटॅशियम, आणि पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध विषारी व्हायला लागतं ते. सोमवारच्या पन्नास स्लाइड्स त्या एका वजनात होत्या. असे क्षण या कोर्समध्ये येतात, पण मुद्दाम आणता येत नाहीत. बाकीच्या स्लाइड्स मी नुसत्या पाठ केल्या आणि नंतर नोकरीत शिकले.

औषधांच्या गणिताची परीक्षा वेगळी असते. आमच्याकडे ९० टक्क्यांना पास, काही नर्सिंग शाळांत १००. गणित शाळेतलंच, पण मी पहिल्या खेपेला नापास झाले. का, तर उत्तर "५.००" असं लिहिलं. आयुष्यभर रुपये-पैसे असेच लिहिले होते! इथे पूर्णांकाच्या पुढे शून्य लिहायचंच नाही, कारण घाईत बिंदू दिसला नाही तर पाचाचे पन्नास किंवा पाचशे होतात. आणि एकापेक्षा लहान आकड्याच्या आधी शून्य लिहायचंच, कारण ".५" चे ५ होतात. दुसऱ्या खेपेला पास झाले. नियम पटायला मात्र एक रात्रही लागली नाही.

पेपरांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हुशार माणसं इथेच आपटतात. प्रश्नाचे चारही पर्याय बरोबर असतात. विचारलेलं असतं, आधी काय कराल? उदाहरण देते. चार पेशंट आहेत, आधी कुणाकडे जाल? एकाचं दोन दिवसांपूर्वी ऑपरेशन झालंय, दुखणं दहापैकी आठ सांगतोय. एकाला जेवणाआधीचं इन्सुलिन हवंय. एकीला न्यूमोनिया आहे आणि ताप आहे. एका दम्याच्या पेशंटच्या छातीत अर्ध्या तासापूर्वी जोरात घरघर होती, आता आवाज अजिबात नाही आणि तो पेंगतोय. मी पहिला निवडला. मला वाटलं, दम्याच्या माणसाला औषध लागू पडलं, बिचारा झोपला. उत्तर तोच होता. घरघर ऐकू यायला सुद्धा हवा आत-बाहेर जावी लागते. आवाज थांबला आणि माणूस पेंगायला लागला म्हणजे हवाच जात नाहीये. पाठांतराने हे उत्तर येत नाही. आणि "लागू होणारे सगळे पर्याय निवडा" हा प्रकार आला की वर्गात एकदम उसासे ऐकू यायचे.

आमच्याकडे पास व्हायला ७७ टक्के लागायचे आणि ७६.९ चे ७७ करत नसत. एका विषयात नापास म्हणजे मागच्या बॅचमध्ये, दोन विषयांत म्हणजे घरी. आम्ही ४० जण सुरू झालो आणि वेळेवर ३१ जण बाहेर पडलो. गेलेल्यांमध्ये मठ्ठ कुणीच नव्हतं. एकीचे वडील दुसऱ्या सेमिस्टरला वारले, दहा दिवस बुडाले, आणि दहा दिवस म्हणजे इथे दोन पेपर आणि तीन क्लिनिकल. इतक्या घट्ट बसवलेल्या कोर्समध्ये भरून काढायला मोकळा महिना कुठून आणणार? या कोर्सची माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे. तुम्ही कितीही तयारी करा, घरात कुणी आजारी पडलं की गणित कोसळतं.

घरचं माझं असं होतं. नवऱ्याची नोकरी घरून, मुलगा दुसरीत. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, तो काळ सोन्याचा गेला. त्यांची परतीची तारीख नेमकी दुसऱ्या सेमिस्टरच्या फायनलच्या आठवड्यात आली. त्यानंतर मुलगा माझा सरावाचा पेशंट झाला. रोज झोपताना त्याची छाती ऐकायची. इतकी की तो आपणहून "दीर्घ श्वास घेऊ का?" असं विचारायला लागला. क्लिनिकलच्या आदल्या रात्री केअर प्लॅन (पेशंटची काळजी कशी घ्यायची त्याचा आराखडा) लिहिता लिहिता एक-दीड वाजायचा आणि पाचला उठायचं. सेमिस्टर चालू असताना नोकरी करू नका असं शाळाच सांगते, आणि ते ऐका. आमच्यातल्या दोघांनी वीकेंडला काम चालू ठेवलं, त्यातला एकच टिकला.

पैशाचं चटकन सांगते. पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी मदत) पहिली पदवी असलेल्यांना मिळत नाही. केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज नागरिकांना किंवा ग्रीन कार्डवाल्यांना मिळू शकतं, एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, असाल तर तेही नाही. फीचे आकडे सरकारी आणि खाजगी शाळांत इतके वेगळे असतात की माझा सांगून उपयोग नाही.

शाळा निवडताना सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे ना ते बघा, ते तर सगळेच सांगतील. पुढचं कमी जण सांगतात. शाळा त्यांचा एनक्लेक्स (पदवीनंतरची नर्सच्या लायसन्सची परीक्षा) पास होण्याचा टक्का फार अभिमानाने दाखवतात. तो ९५ टक्के असेल, पण कच्च्या मुलांना परीक्षेपर्यंत पोचूच दिलं नाही तरी तो ९५ च येतो. म्हणून त्यांना विचारा, किती जण सुरू झाले आणि त्यातले किती ठरलेल्या तारखेला बाहेर पडले. आणि शेवटच्या एक्झिट परीक्षेत ठराविक गुण मिळाल्याशिवाय पदवी अडवतात का, हेही विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरी शाळा शोधा.

एनक्लेक्सची एवढी धास्ती घेऊ नका. एप्रिल २०२३ पासून त्यात केस स्टडीचे प्रश्न आलेत आणि काही प्रश्नांना अर्धवट बरोबर उत्तराचेही गुण मिळतात. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तास. कॉम्प्युटर तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरवतो आणि त्याची खात्री पटली की बंद होतो. माझा ९३व्या प्रश्नाला बंद झाला. पास म्हणून की नापास म्हणून ते दोन दिवस कळलं नाही. ते दोन दिवस मी कपाटं आवरली.

तर तुमच्यासाठी काय? नवरा महिन्यातले बरेच दिवस बाहेर असेल आणि जवळ हक्काचं कुणी नसेल, तर मी असोसिएटच घ्या म्हणेन. आरएनची (रजिस्टर्ड नर्सची) परीक्षा तीच, लायसन्स तेच. नंतर नोकरी करता करता ऑनलाइन बीएसएन पूर्ण करता येतं, आणि बरीच हॉस्पिटलं त्यासाठी पैशाची मदतही करतात. काही मोठी हॉस्पिटलं सुरुवातीला बीएसएनवाल्यांनाच प्राधान्य देतात, तेवढं तुमच्या भागात चौकशी करून बघा. घरी दुसरं माणूस कायम असेल तर मात्र ॲक्सिलरेटेड घ्या, एकदाचं संपतं.

आणि लगेच ठरवूही नका. येत्या सेमिस्टरला कम्युनिटी कॉलेजात ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा फक्त पहिला भाग लॅबसकट घ्या. त्याचं क्रेडिट साधारणपणे दोन्ही कोर्सना लागतंच. हाडांच्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात मुलीला ताप आला तर घरात काय होतं ते बघा, आणि मग इथे येऊन मला परत विचारा.