बढती झाली, आता जुन्या सोबत्यांशी कसं वागायचं?

प्रश्न : मी चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनच्या) लाइनवर चार वर्षं आहे. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. येत्या एक तारखेपासून मला टीम लीडर केलंय. हाताखाली १४ जण, त्यातले सहा कायम, बाकी कंत्राटी आणि ट्रेनी. त्यात एक दादा आहेत, १२ वर्षं जुने. मशीन मला त्यांनीच शिकवलं, पण आयटीआयवाले म्हणून त्यांचं नाव मागे पडलं. ते आता माझ्याशी कामापुरतंच बोलतात. वडील म्हणतात, 'चार हात लांब राहा, नाहीतर डोक्यावर बसतील.' मला पुढे प्रॉडक्शन इंजिनीअर, मग असिस्टंट मॅनेजर व्हायचंय, त्यासाठी संध्याकाळची बी.ई.ही करायचीय. माणसं न दुखावता वर जाता येतं का? त्यांच्याशी बोलायचं कसं?

उत्तर : येतं. तुमच्या कामात तर दुसऱ्या वाटेने फार वर जाताच येत नाही. कालपर्यंत तुमचे आकडे तुमच्या हातात होते, एक तारखेपासून ते १४ जणांच्या हातात आहेत. वडिलांची काळजी खोटी नाही, पण चार हात लांब राहणाऱ्या टीम लीडरला मशीनचा बदललेला आवाज सगळ्यांत शेवटी कळतो. माणसं डोक्यावर बसतात ती आपुलकीमुळे नव्हे. एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, असं झालं की बसतात. त्यामुळे 'कसं बोलायचं' हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवेन. रजा, ओव्हरटाइम, नाइट, जड काम, श्रेय आणि दोष यांचं वाटप आता तुमच्याकडे आलंय, आणि लाइनवरची माणसं तेच बघतात.

बोलण्याची गरज आहे ती दादांशी, आणि एक तारखेच्या आधी. चहाच्या सुटीत सगळ्यांसमोर नको, शिफ्ट सुटल्यावर दहा मिनिटं काढा. 'मला नकोच होतं, वरून गळ्यात पडलं' असं म्हणू नका, ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत आहे. 'पुढच्या वेळी तुमचं नक्की' हेही नको, ते तुमच्या हातात नाही. सरळ म्हणा, 'दादा, मशीन मला तुम्ही शिकवलंत. तुम्हाला हे लागलं असणार. सेटिंग आणि नवीन पोरांचं ट्रेनिंग तुमच्याकडे असावं असं मला वाटतं, चालेल का?' आणि गप्प बसा. ते कडू बोलले तर ऐकून घ्या. त्याच दिवशी गोडी व्हायला हवी असं काही नाही.

मग ते कागदावर आणा. शॉपफ्लोअरच्या बोर्डवर स्किल मॅट्रिक्स असतो, म्हणजे कोणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता. त्यात नावापुढचं चार भागांचं वर्तुळ पूर्ण भरलेलं असेल तर तो माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो. दादांचं वर्तुळ भरलेलं आहे का बघा. जुन्या माणसांचं अद्ययावत करायचं बरेचदा राहून जातं. त्यांना हवं असेल तर हेही सांगा की दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. हे एकदाच सांगायचं, मागे लागायचं नाही. आणि यात तुमचाही फायदा आहे. तुमची जागा घेणारा कोणी तयार नसेल, तर मॅनेजर तुम्हाला त्या लाइनवरून हलवणार नाही.

आता शिफ्ट बदलण्याची वेळ. कारखान्यातली निम्मी भांडणं इथे जन्मतात. एक उदाहरण घ्या. २५ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे पीसमधलं गोल भोक, आहे, मर्यादा २५.००० ते २५.०२१. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं, बदलता येणारं टोक) झिजत जातं तसा बोअर लहान येऊ लागतो, म्हणून सहा-दोनच्या ऑपरेटरने ऑफसेट (झीज भरून काढायला मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) थोडा थोडा वाढवत व्यासावर ०.०३ पर्यंत नेला. हे रजिस्टरमध्ये नाही. दोन-दहाच्या ऑपरेटरने येताच नवं इन्सर्ट बसवलं, ऑफसेट तोच राहिला. पहिलाच बोअर २५.०४ च्या आसपास गेला. लहान बोअर पुन्हा मशीनवर चढवता येतो, मोठा झालेला थेट स्क्रॅप. नाव मात्र दुसऱ्या शिफ्टच्या माणसाचं लागतं, कारण पीस त्याच्या हातून निघाला. म्हणून हँडओव्हर मशीनजवळ उभं राहून, दोन्ही ऑपरेटर समोर असताना घ्या. प्रत्येक मशीनमागे चार गोष्टी लिहा: चालू ऑफसेट, इन्सर्टवर किती पीस झाले, रिवर्कचे (पुन्हा दुरुस्त करायचे) पीस टॅग लावून कुठे ठेवलेत, आणि मेंटेनन्सला सांगून राहिलेली तक्रार. इन्सर्ट बदललं की ऑफसेट मागे घ्यायचा आणि पहिला पीस गेजवर (माप तपासायच्या साधनावर) बघूनच पुढचा लावायचा. दहा मिनिटं जातात, ती तुमच्या शिफ्टमधून जाऊ द्या. पुढच्या टीम लीडरवर याहून मोठे उपकार करता येत नाहीत.

रिजेक्शन झालंच, तर सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर विचारतील, 'कोण होतं मशीनवर?' नाव लपवू नका, पण तिथे थांबूही नका. 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' हे 'फाइव्ह व्हाय'चं, म्हणजे मूळ कारणापर्यंत पाच वेळा 'का?' विचारत जाण्याच्या पद्धतीचं, पहिलंच उत्तर असतं, बरेचजण तिथेच फाइल मिटवतात आणि पुढच्या महिन्यात तोच दोष परत येतो. गेजचं कॅलिब्रेशन झालं होतं का, पहिला पीस मंजूर करून घेतला होता का, सेटअप शीट मशीनवर लावलेली होती का, त्या माणसाला त्या मशीनचं ट्रेनिंग होतं का, हे शोधून मीटिंगला जा. चूक खरंच त्याची असेल तर त्याच दिवशी बाजूला घेऊन सांगा. लाल गोल केलेला फोटो नावासकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्यातून माणसं फक्त चूक लपवायला शिकतात.

श्रेयाचं उलटं. कायझेन शीटवर (कामातल्या सुधारणेच्या नोंदीवर) ज्याची कल्पना त्याचं नाव पहिलं, आणि प्लँट हेडसमोर त्यालाच बोलू द्या. त्याचं बोलणं अडखळलं तरी मधे पडू नका. तुमचं नाव टीम लीडरच्या रकान्यात आपोआप येतंच.

रजेचं कॅलेंडर दोन महिने आधी भिंतीवर लावा. गणपती, दिवाळी आणि जूनची पेरणी या तीन वेळा ओढाताण होते. मराठवाडा-विदर्भातल्या पोरांना पेरणीची रजा दिवाळीइतकीच गरजेची असते. १४ जणांत एका वेळी दोनच सोडता येत असतील तर तसं लिहून टाका, आणि गेल्या वर्षी ज्याला मिळाली नाही त्याचा नंबर यंदा आधी. ओव्हरटाइमसाठी सुटीच्या दहा मिनिटं आधी खांद्यावर हात ठेवून 'आज थांब ना' म्हणणं बंद करा. बस चुकते, घरी कोणी वाट बघत असतं, आणि 'नाही' म्हणू न शकणारेच दर वेळी अडकतात, म्हणजे बहुधा कंत्राटी. त्यांचा दुप्पट दराचा ओव्हरटाइम आणि हजेरीचे चुकलेले पंच महिना संपायच्या आठवडाभर आधी तपासून कंत्राटदाराच्या सुपरवायझरला लेखी कळवा. पगार कापला गेल्यावर सहानुभूती दाखवून त्यांना काही मिळत नाही.

जुन्या दोस्तांचा एखादा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल, जिथे साहेबांच्या नकला चालतात, तर सांगून बाहेर पडा. आता साहेब तुम्ही आहात. नकला करायला त्यांनाही जागा हवी.

काही गोष्टींत मैत्री चालणार नाही. दरवाजाच्या इंटरलॉकला (दार उघडं असताना मशीन चालू न देणाऱ्या स्विचला) चुंबक लावून मशीन उघडं चालवणं, एकाने दुसऱ्याचा पंच मारणं, न मोजता चेकशीट भरणं. जवळच्या मित्राने केलं तरी मशीन थांबवा, एकदा तोंडी समज द्या, तारीख नोंदवा, पुन्हा झालं तर लेखी. पहिल्यांदा मित्राकडे काणाडोळा केलात, तर दुसऱ्यांदा कंत्राटी पोराला पकडायचा हक्क तुम्हाला उरत नाही. आणि त्या मशीनमध्ये बोट त्या मित्राचंच जाणार असतं. साठलेलं सगळं अप्रेझलच्या दिवशी बाहेर काढू नका. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहून ठेवा, नाहीतर मार्चमध्ये फक्त फेब्रुवारी आठवतो.

बी.ई.बद्दल. पत्राने मिळणाऱ्या अभियांत्रिकी पदवीच्या जाहिरातींना भुलू नका. तांत्रिक शिक्षण असं पत्राद्वारे देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. नोकरदारांसाठी वर्गात बसून करायचे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) मंजुरीने काही कॉलेजांत चालतात. कॉलेजची मंजुरी त्या वर्षासाठी आहे का, हे एआयसीटीईच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. डिप्लोमामुळे तुम्हाला थेट दुसऱ्या वर्षाला बसता येईल, म्हणजे तीन वर्षं.

पण संध्याकाळचे वर्ग म्हणजे तुम्हाला कायम सहा-दोन हवी. मग दोन-दहा आणि दहा-सहा उरलेल्या दोन टीम लीडरच्या वाट्याला तीन वर्षं. मॅनेजरकडून परस्पर मंजुरी आणलीत तर कागदावर सगळं ठीक दिसेल आणि त्या दोघांशी कायमचं बिनसेल. फॉर्म भरायच्या आधी त्यांना भेटा. बदल्यात काय देता येईल ते घेऊन जा: रविवारच्या ड्युट्या, गणपती-दिवाळीतल्या शिफ्ट, सेमिस्टरच्या सुटीत सलग नाइट. एकाची मुलगी दहावीला असेल, त्याला नाइट जमणारही नाही. मग पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल किंवा शनिवार-रविवारचे वर्ग असलेलं कॉलेज शोधावं लागेल. जमत असेल तर तिघांनी मिळून सहा महिन्यांचं वेळापत्रक लिहा, आणि मॅनेजरकडे तिघांनीच जा.