अमेरिकन फुटबॉलपटू निवृत्तीनंतर काय करतात? ॲलन पेज यांचे उदाहरण

अमेरिकन फुटबॉलमधील व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द साधारण तिशीच्या आसपास संपते, मग पुढचे आयुष्य तो कसे उभे करतो, असे आपण विचारले आहे. या प्रश्नावर मला सर्वप्रथम ॲलन पेज आठवतात, कारण त्यांनी पुढच्या आयुष्याची तयारी खेळ ऐन भरात असतानाच सुरू केली होती.

पेज यांचा जन्म १९४५ मध्ये ओहायोतील कँटन या गावी झाला. याच गावात या खेळाचे हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा सन्मान करणारे संग्रहालय, आहे आणि त्याच्या बांधकामावर त्यांनी किशोरवयात मजुरीही केली होती. नोत्र दाम विद्यापीठातून ते १९६७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात आले. त्यांची जागा डिफेन्सिव्ह टॅकलची, म्हणजे बचाव फळीच्या मध्यभागी उभे राहून समोरच्या धिप्पाड खेळाडूंना भेदत चेंडू असलेल्या खेळाडूपर्यंत पोहोचण्याची. हे काम ते इतक्या चपळाईने करत, की १९७१ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान त्यांना मिळाला. बचाव फळीतील खेळाडूला तो प्रथमच मिळत होता. व्हायकिंग्जकडून ते चार सुपर बोल, म्हणजे हंगामातील विजेता ठरवणारे अंतिम सामने, खेळले आणि चारही हरले.

मला मात्र १९७५ ते १९७८ हा काळ सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या वर्षांत ते व्हायकिंग्जकडून खेळत असतानाच मिनेसोटा विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत होते. त्याच सुमारास पत्नीने धूम्रपान सोडण्यासाठी धावणे सुरू केले होते. तिच्याबरोबर तेही धावू लागले आणि त्यांचे वजन २२५ पौंडांच्या आसपास उतरले. या वजनाने त्या जागी खेळणे जमणार नाही, असे प्रशिक्षक बड ग्रँट यांचे मत झाले. १९७८ मध्ये, म्हणजे पदवी मिळाली त्याच वर्षी, संघाने त्यांना हंगामाच्या मध्यावर मुक्त केले. शिकागो बेअर्सने त्यांना लगेच घेतले आणि तेथे ते १९८१ पर्यंत खेळले. १९७९ मध्ये, लीगमध्ये खेळत असतानाच, त्यांनी पूर्ण मॅरेथॉनही धावून पूर्ण केली.

त्यानंतर त्यांनी वकिली केली आणि मिनेसोटा राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, कार्यालयात काम केले. मिनेसोटात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मतदारांकडून निवडले जातात. १९९२ मध्ये तेथील एका जागेची निवडणूक पुढे ढकलली जात असल्याचे दिसताच पेज यांनी दावा दाखल केला, तो जिंकला आणि मग निवडणूकही जिंकली. त्या न्यायालयातील ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश ठरले आणि वयाच्या सत्तरीला सक्तीची निवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, त्या पदावर राहिले.

१९८८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये समावेश होताना त्यांनी आपला परिचय करून देण्यासाठी मिनियापोलिसमधील एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावले आणि स्वतःचे भाषण शिक्षणावर केले. त्याच वर्षी त्यांनी स्थापन केलेली संस्था मिनेसोटातील कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते आणि त्या बदल्यात त्यांनी लहान मुलांना अभ्यासात मदत करावी, अशी अट घालते.