अंटार्क्टिकाचा शंभर वर्षांपूर्वीचा दाब कोणी मोजला?

प्रश्न: अंटार्क्टिकावर बहुतेक वेधशाळा 1957 नंतरच्या आहेत असं वाचलंय. मग तिथला 1905 पासूनचा हवेचा दाब काढलाय असं शास्त्रज्ञ कसं काय सांगतात? बर्फातल्या बुडबुड्यांवरून काढतात का? की सगळं अंदाजपंचे दाहोदरसे?

उत्तर: बुडबुड्यांचं आधी उरकून टाकू. जुन्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता हे त्यातून छान कळतं, पण बुडबुडा पूर्ण बंद होतो तो पन्नास-शंभर मीटर खाली गेल्यावर, तोपर्यंत वरची हवा आत मिसळत राहते आणि नंतर वरच्या बर्फाच्या वजनाने तो दाबलाही जातो, त्यामुळे 1911 च्या डिसेंबरात दाब किती होता असं त्याला विचारून उपयोग नाही.

खरी गंमत दाबाच्या स्वभावात आहे. पाऊस कसा, या गल्लीत पडतो आणि पुढच्या गल्लीत नाही. दाबाचं तसं नसतं, महिन्याची किंवा ऋतूची सरासरी घेतली तर एका स्टेशनचा आकडा शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याबद्दल बोलतो. आणि दुसरं म्हणजे हवा काही नाहीशी होत नाही, अंटार्क्टिकावरची कमी झाली की ती साधारण दक्षिण 40 अक्षांशाच्या आसपास जाऊन साठते, एक पारडं खाली की दुसरं वर. याच तराजूला सदर्न अ‍ॅन्युलर मोड म्हणतात, शॉर्टमध्ये सॅम. आता 40 अक्षांशाच्या आसपास दक्षिण अमेरिका, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आहेत आणि तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माणसं रोज बॅरोमीटर वाचून वहीत लिहीत होती. म्हणजे एक पारडं आपल्याला दिसतंय, दुसरं झाकलेलं आहे.

अमेरिकेतल्या ओहायो युनिव्हर्सिटीचे रायन फॉग्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच धरलं. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने अंटार्क्टिकावर धडाधड स्टेशनं उभी राहिली, तेव्हापासून दोन्ही पारड्यांचे आकडे आहेत. त्यांचं नातं आधी गणिताने बसवायचं आणि मग 1957 च्या मागे, जिथे फक्त लांबच्या शहरांचा डेटा आहे, तिथे ते लावायचं. अंदाजपंचे म्हणाल तर त्यावरही उपाय आहे, माहीत असलेली काही वर्षं मुद्दाम झाकून ठेवतात, तिथला दाब फॉर्म्युल्याला ओळखायला लावतात आणि मग खऱ्या आकड्याशी ताडून बघतात. नापास झालेल्या जागा, नापास झालेले ऋतू लपवत नाहीत हे मला आवडतं. उन्हाळा (तिथला म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी) आणि हिवाळा बरा जमतो, मधले दोन ऋतू जरा कच्चे, आणि दक्षिण अमेरिकेजवळचा द्वीपकल्पाचा भाग सगळ्यात पक्का. अजून एक खोट म्हणजे असं काढलेलं रेकॉर्ड थोडं मवाळ येतं, खरा दाब जितका उसळतो किंवा पडतो तितका त्यात दिसत नाही.

1957 च्या आधी तिथे अगदीच काही नव्हतं असंही नाही हां. अंटार्क्टिकाजवळच्या साउथ ऑर्कनी बेटांवरच्या ऑर्काडास स्टेशनच्या नोंदी 1903 पासून आहेत, स्कॉटिश मोहिमेने सुरू केलं आणि 1904 मध्ये अर्जेंटिनाकडे दिलं, ते आजतागायत चालू आहे. शिवाय दक्षिण ध्रुव आधी कोण गाठतो अशा शर्यतीत उतरलेल्या स्कॉट, अमुंडसेन यांच्या मोहिमांच्या वह्या. पण त्यातला आकडा उचलला आणि टाकला असं चालत नाही. पारा उणे 39 डिग्रीच्या आसपास गोठतो म्हणून पाऱ्याचा बॅरोमीटर झोपडीच्या आत टांगायचा, आत स्टोव्ह पेटला की पारा फुगणार, 10 डिग्रीच्या फरकाने साधारण 1.6 मिलिबार जास्त दाखवणार, ते वजा करा. ध्रुवाजवळ गुरुत्वाकर्षण जरा जास्त म्हणून पारा जड होतो आणि नळीत कमी चढलेला दिसतो, 78 अक्षांशावर सव्वादोन मिलिबारच्या आसपास मिळवा. झोपडी समुद्रसपाटीपासून किती उंच हेही बघा, कारण दर आठेक मीटरला एक मिलिबार जातो. आणि हे सगळं लिहिणाऱ्याने आधीच केलं होतं का, हे वहीत लिहिलेलं असेलच असं नाही!

याच वह्या वापरून या मंडळींनी 1911-12 चा उन्हाळा तपासला, तर तो खरंच जगावेगळा निघाला, दाब आणि तापमान दोन्ही नेहमीपेक्षा बरंच जास्त. डिसेंबरच्या सुरुवातीला अमुंडसेन पठारावर उणे 16 च्या वर तापमान अनुभवत होता आणि त्याच दिवसांत, 5 ते 8 डिसेंबर, स्कॉटची माणसं बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी ओल्या बर्फाच्या वादळात तंबूत अडकून पडली होती, तापमान शून्याच्या वर, झोपायच्या पिशव्या भिजलेल्या. मग शेवटी परतीच्या वाटेवर कडाका, आणि स्कॉट त्याच वाटेवर गेला. स्कॉटच्या हवामानाच्या तक्रारी म्हणजे नुसती सबब, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

आता एवढा खटाटोप कशाला, तर 1979 नंतरचा सॅटेलाइटच्या काळातला डेटा फारच तोकडा आहे. 1957 पासून अंटार्क्टिकावरचा उन्हाळ्यातला दाब घसरत गेलेला दिसतो, पण हे आधीही कधी झालं होतं का, हे 1957 ला सुरू होणारं रेकॉर्ड कसं सांगणार? 1905 पर्यंत मागे गेल्यावर कळलं की उन्हाळ्यातली ही घसरण शतकभरात एकमेव आहे, आणि ती ओझोनच्या छिद्राशी जुळते, छिद्र वसंतात पडतं आणि जमिनीजवळ त्याचा परिणाम पोचतो तो डिसेंबर ते फेब्रुवारीत. बाकीच्या ऋतूंत मात्र असे चढउतार आधीही होऊन गेलेत, त्यात माणसाचा हात किती आणि उष्ण कटिबंधातल्या पॅसिफिकची, एल निनोची वगैरे करणी किती हे अजून सुटं करता येत नाही.